दाढीवाला एबरहार्ट: भाऊबंदकीतून उभं राहिलेलं राज्य

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात व्युर्टेम्बर्ग नावाचा प्रदेश आहे. त्याचा पंधराव्या शतकातला इतिहास वाचायला घेतला की सुरुवातीलाच गोंधळ उडतो. एकाच घराण्यात, एकाच काळात, एबरहार्ट नावाचे दोन चुलतभाऊ. एकाचा जन्म ११ डिसेंबर १४४५चा, दुसऱ्याचा त्यानंतर जेमतेम चौदा महिन्यांनी. दोघेही काउंट, पुढे दोघेही ड्यूक, म्हणजे काउंटाहून वरच्या दर्जाचे. इतिहासाची पुस्तकं पहिल्याला काउंट म्हणून ‘एबरहार्ट पाचवा’ म्हणतात आणि ड्यूक म्हणून ‘एबरहार्ट पहिला’. दुसरा काउंट म्हणून सहावा, ड्यूक म्हणून दुसरा. लोकांनी यातून आपला सोपा मार्ग काढला. थोरल्याने भरघोस दाढी राखली होती, म्हणून तो झाला दाढीवाला एबरहार्ट. आपणही इथे एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणू, म्हणजे आकडे लक्षात ठेवायला नकोत.

थोरल्याचं नाव आजही त्या भागात आदराने घेतलं जातं. ट्युबिंगेनचं विद्यापीठ त्याने काढलं आणि ते अजून त्याचं नाव लावतं. युस्टिनुस केर्नर या कवीने १८१८मध्ये त्याच्यावर लिहिलेलं गीत व्युर्टेम्बर्गचं जणू राज्यगीतच होऊन बसलं. त्या गीतात चार राजे एकत्र बसून आपापल्या राज्याची बढाई मारतात: कुणाकडे चांदीच्या खाणी, कुणाकडे द्राक्षमळे. एबरहार्ट एवढंच म्हणतो, की माझ्या राज्यात कुठल्याही रानात, कुठल्याही प्रजाजनाच्या मांडीवर डोकं ठेवून मी निर्धास्त झोपू शकतो. गोष्ट सुरेख आहे. पण खऱ्या एबरहार्टला स्वस्थ झोप लागू दिली नाही ती प्रजेने नव्हे, नातेवाइकांनी. आणि त्याचं सर्वांत टिकाऊ काम कोणतं, असं मला विचाराल तर मी विद्यापीठाचं नाव घेणार नाही. नातेवाइकांशी केलेल्या रटाळ करारांच्या चळतीकडे बोट दाखवीन.

ते करार का लागले हे कळायला आधी काउंट म्हणजे कोण हे पाहावं लागतं. जर्मन भाषेत त्याला ग्राफ म्हणतात. मुळात हा राजाने नेमलेला अधिकारी. एका टापूत न्यायनिवाडा करायचा, वसुली पाहायची, वेळ आली की फौज घेऊन हजर व्हायचं. पण आपल्याकडे देशमुखीचं जसं वतन झालं, तसंच तिकडे या पदाचं झालं. बापाचं पद मुलाकडे जाऊ लागलं आणि चारपाच पिढ्यांत ती घरची मालमत्ता बनली. कागदोपत्री जमीन पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे जर्मन मुलखांना एका छत्राखाली धरणाऱ्या साम्राज्याच्या सम्राटाची, काउंट तिचा धारक. प्रत्यक्षात सम्राट लांब आणि बहुधा कर्जबाजारी, त्यामुळे काउंट आपल्या मुलखात राजासारखाच वागे.

मालमत्ता म्हटली की वाटणी आलीच. सगळं राज्य थोरल्या मुलाकडे, बाकीच्यांना पोटगी, हा नियम तेव्हा जर्मनीत सार्वत्रिक नव्हता. सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या सात मोठ्या राजांच्या मुलखांचे तुकडे करायला १३५६च्या शाही फर्मानाने बंदी घातली होती. त्याखालच्यांना तसं बंधन नव्हतं. चार मुलगे झाले तर राज्याचे चार तुकडे, नातवंडांच्या काळात दहा. एखादं घराणं वर येऊन पुन्हा किरकोळ कसं होतं, याचं उत्तर कैकदा लढाईत नव्हे तर या वाटणीत सापडतं.

व्युर्टेम्बर्गवर ही वेळ एबरहार्टच्या वडिलांच्या पिढीत आली. आजोबा १४१९मध्ये वारले तेव्हा दोन्ही मुलगे लहान होते. आजी हेनरिएट ही मोंबेलियारची वारस होती, म्हणजे फ्रेंच बोलणारा एक छोटा मुलूख तिच्या माहेरकडून या घरात आला होता. बाई खमकी. तिने सल्लागारांना हाताशी धरून कारभार केला आणि राज्य एकसंध ठेवलं. मुलगे मोठे झाले, दोघांची लग्नं झाली, आणि एका चुलीवर भागेना. १४४२मध्ये न्युर्टिंगेन इथे कायमची वाटणी झाली. थोरला लुडविग उराखला बसला, धाकटा उल्रिख श्टुटगार्टला. (याच श्टुटगार्टशी मुंबईचं १९६८पासून भगिनी-शहराचं नातं आहे.) एकाच नावाची दोन राज्यं तयार झाली, दोघांचीही निशाणी तीच: पिवळ्या ढालीवर हरणाची तीन काळी शिंगं.

आपला थोरला एबरहार्ट हा लुडविगचा मुलगा, धाकटा हा उल्रिखचा.

लुडविग १४५०मध्ये प्लेगने गेला. एबरहार्ट तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. त्याच्याआधीचा लुडविग नावाचाच भाऊ अकरा वर्षांचा होता आणि त्याला फेफऱ्याचा त्रास होता. पालक कोण व्हायचं यावरून ओढाताण सुरू झाली. श्टुटगार्टचा काका उल्रिख म्हणे, मी बापाचा सख्खा भाऊ, हक्क माझा. आईकडून मामा फ्रीडरिख उभा राहिला. तो ऱ्हाइनकाठच्या पॅलेटिनेटचा राजा, म्हणजे त्या सात मोठ्यांपैकी एक. कुणाचं भाच्यांवर किती प्रेम होतं ते सोडून देऊ. अर्धं व्युर्टेम्बर्ग काही वर्षं आपल्या हाताखाली ठेवायची संधी होती आणि दोघांनाही ती कळत होती.

मोठा भाऊ लुडविग १४५७मध्ये, अठराव्या वर्षी वारला. काकाने पुन्हा पालकत्वावर दावा सांगितला. त्या वर्षी लेओनबर्ग इथे एक सभा भरली आणि तिच्यात शहरांचे प्रतिनिधी बसले. राजघराण्यातल्या वारसाच्या प्रश्नावर गावचे प्रतिष्ठित व्यापारी आणि कारभारी मत देताहेत, हे नवं होतं. व्युर्टेम्बर्गच्या विधिमंडळाची सुरुवात याच सभेपासून मोजतात. आणि हे कुणाच्या उदारपणामुळे घडलं नाही. घराण्यात भांडणं, तिजोरीत खडखडाट, आणि कर्ज काढायचं तर शहरांच्या सहीशिवाय कुणी उभं करत नाही, अशा अडचणीतून प्रजेच्या हाती अधिकार आले. पुढच्या पन्नास वर्षांत या मंडळींचं वजन कसं वाढत गेलं ते पाहण्यासारखं आहे.

चौदावं वर्ष पूर्ण होताच, डिसेंबर १४५९मध्ये, एबरहार्टने मामाच्या पाठबळावर काकाचं पालकत्व झुगारलं आणि उराखचा कारभार हाती घेतला. चौदा वर्षांचा मुलगा राज्य काय चालवणार? चालवत होते सल्लागारच. तरुणपणी तो भलताच उच्छृंखल होता असं त्याच्या काळातली माणसंच सांगतात.

काका-मामांचा हिशोब तिकडे वेगळाच पूर्ण झाला. जून १४६२मध्ये सेकेनहाइमजवळ दोघं समोरासमोर आले आणि उल्रिख पकडला गेला. सुटकेसाठी त्याच्यावर एक लाख गुल्डन (तिथलं सोन्याचं नाणं) खंडणी बसली. श्टुटगार्टकडची शाखा या ओझ्याखाली पार वाकली. दंतकथा अशी, की विजयी फ्रीडरिखने कैद्यांना भरगच्च मेजवानी दिली, फक्त पाव वाढला नाही. पाव कुठे म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, शेतं तुम्हीच जाळलीत. एबरहार्ट या लढाईपासून दूर राहिला. काकाच्या बाजूने गेला नाही आणि मामाच्याही नाही. त्याच्या स्वभावाची ही पहिली ओळख.

आता आईकडे वळू, कारण मला या घराण्यातली सर्वांत लक्षणीय व्यक्ती तीच वाटते. मेख्टिल्ड पॅलेटिनेटच्या राजाची मुलगी. जन्मली त्याच वर्षी तिची सोयरीक ठरली होती. नवरा गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची. दोन वर्षांनी तिने ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या आल्ब्रेख्टशी दुसरं लग्न केलं. या आल्ब्रेख्टने १४५७मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाची स्थापना केली आणि त्यात मेख्टिल्डचा हात होता असं मानतात. तो १४६३मध्ये वारला. त्यानंतर मेख्टिल्ड नेकार नदीकाठच्या रोटेनबुर्गला राहिली आणि तिथे कवी, अनुवादक, विद्वान यांचा राबता असलेला दरबार तिने उभा केला. विधवा राणीच्या उदरनिर्वाहासाठी काही गावांचं उत्पन्न लग्नातच लिहून दिलेलं असे. तिला पहिल्या लग्नातून ब्योब्लिंगेन आणि झिंडेलफिंगेन मिळाली होती. ही नावं लक्षात असू द्या, पुढे कामाला येतील.

एबरहार्टला लॅटिन येत नव्हतं. योहानेस नाउक्लेरस हा नामांकित विद्वान त्याचा शिक्षक होता, पण मुलाला जर्मन लिहितावाचता आलं की पुरे, लॅटिन नको, ही वडिलांची इच्छा. धर्म, कायदा, विद्या सगळं लॅटिनमध्ये चालण्याच्या काळात हे मोठंच अपंगत्व. एबरहार्टला ते आयुष्यभर बोचलं. त्यावर त्याने उपाय शोधला तो असा: पुस्तकंच जर्मनमध्ये आणायची. एकामागून एक लॅटिन ग्रंथ त्याने उतरवून घेतले.

त्यातला एक ग्रंथ आपल्या फार जवळचा आहे. रोटेनबुर्गचा पाद्री आंटोनिउस फॉन फोर हा मेख्टिल्डच्या वर्तुळातला. त्याने ‘जुन्या शहाण्यांच्या दृष्टांतांचं पुस्तक’ अशा अर्थाच्या नावाचा एक कथासंग्रह जर्मनमध्ये आणला. त्यातल्या भागांची पहिली अक्षरं ओळीने जुळवली की मजकूर निघतो: ‘एबरहार्ट, व्युर्टेम्बर्गचा काउंट’, आणि पुढे त्याचं ब्रीद, ‘आटेम्प्टो’. पुस्तक १४८०च्या सुमारास छापलं गेलं, एका आवृत्तीचा छापखाना तर उराखमध्येच होता. आणि आतल्या गोष्टी कुणाच्या? सिंह आणि बैलाच्या मैत्रीत बिब्बा घालणाऱ्या दोन कोल्ह्यांच्या. म्हणजे आपले करटक आणि दमनक. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणी बादशहाच्या दरबारात पहलवीत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणलं, अरबीतून हिब्रूत, हिब्रूतून तेराव्या शतकात लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमधून या लॅटिन न येणाऱ्या काउंटासाठी जर्मनमध्ये. हिब्रूतून लॅटिनमध्ये आणणारा कापुआचा जॉन जन्माने यहुदी होता, पुढे ख्रिस्ती झालेला. तेही ध्यानात ठेवू.

विष्णुशर्म्याने राजाच्या मुलांना शहाणं करण्यासाठी गोष्टी सांगितल्या अशी पंचतंत्राची चौकट आहे. नातेवाइकांवर किती विश्वास टाकायचा आणि कान भरणाऱ्या कारभाऱ्याला कसं ओळखायचं, याचं मार्गदर्शन एबरहार्टइतकं कुणाला लागत होतं?

‘आटेम्प्टो’ या ब्रीदाचा अर्थ साधारण ‘मी धाडस करतो’ असा. त्याच्या जोडीला निशाणी म्हणून ताडाचं झाड. दोन्हींचा संबंध १४६८च्या जेरुसलेम यात्रेशी आहे. त्या वर्षी बाविशीतला एबरहार्ट सरदारांचा लवाजमा घेऊन व्हेनिसमार्गे समुद्रातून पवित्र भूमीला गेला आणि ख्रिस्ताच्या समाधीपाशी त्याला नाइट हा किताब मिळाला. यात्रा महागडी आणि जोखमीची होती. अशा प्रवासात जहाजावरच आजाराने माणसं दगावत. दाढी त्याने या यात्रेच्या नवसाची राखली असं म्हणतात. तिकडून हॉथॉर्नची एक काडी टोपीत खोचून आणली आणि ट्युबिंगेनजवळच्या आइनझीडेलच्या रानात लावली, तिचं झाड झालं, ही दुसरी आख्यायिका. परत आलेला माणूस बदललेला होता असं चरित्रकार सांगतात. मला वाटतं त्यात यात्रेचं पुण्य थोडं, वयाचा भाग जास्त.

लग्न व्हायला मात्र आणखी सहा वर्षं गेली. वधू निवडली ती आल्प्सपलीकडची: इटलीतल्या मांटुआच्या गोंझागा घराण्यातली बार्बरा. हीसुद्धा ११ डिसेंबरचीच, त्याच्याहून बरोबर दहा वर्षांनी लहान. तिची आई ब्रांडेनबुर्गच्या जर्मन घराण्यातली, त्यामुळे सोयरीक वाटते तितकी अनोळखी नव्हती. तरी एका काउंटासाठी ही उडी मोठी होती. मांटुआचा दरबार म्हणजे त्या काळच्या कलेचं माहेरघर. तिथल्या राजवाड्यात मानतेन्या या चित्रकाराने गोंझागा कुटुंबाचं भित्तिचित्र एका खोलीभर रंगवलं, ते बार्बराच्या लग्नाच्या वर्षीच, १४७४मध्ये, पूर्ण झालं. त्यात आईच्या मागे उभी असलेली तरुणी बार्बरा असल्याचं मानतात.

त्या चित्रातून उठून ती उराखला आली. डोंगरांच्या बेचक्यातलं, लाकडी घरांचं, थंड गाव. जुलै १४७४मध्ये लग्नसोहळा कित्येक दिवस चालला आणि हजारो माणसं जेवली. उराखच्या वाड्यातल्या सोनेरी दालनात आजही ताडाची झाडं आणि ‘आटेम्प्टो’ची अक्षरं दिसतात. माहेरी तिने लिहिलेली पत्रं उरली आहेत, त्यांतून तिची ओढ कळते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगी झाली, तिचंही नाव बार्बरा ठेवलं. ती अडीच महिन्यांत गेली. नंतर मूल झालं नाही.

एबरहार्टला लग्नाबाहेरची मुलं होती. त्यांतले लुडविग आणि हान्स हे दोघे त्याने वाढवले, मानाने राहतील अशी व्यवस्था केली. पण लग्नाबाहेरच्या मुलाला गादी मिळत नसे, मग ते कितीही लायक असो. म्हणजे तिशीतल्या या काउंटाला कळून चुकलं होतं की आपलं राज्य आपल्यामागे चुलत्याच्या शाखेकडे जाणार.

इथे थोडं थांबून विचार केला तर एक गंमत दिसते. स्वतःचा मुलगा असता तर एबरहार्टने काय केलं असतं? बहुधा उराखचं अर्धं राज्य त्याच्यासाठी जपलं असतं, श्टुटगार्टशी कुरघोड्या चालू ठेवल्या असत्या आणि वाटणी पिढ्यान्‌पिढ्या पक्की झाली असती. मुलगा नसल्यामुळेच तो राज्याचा विचार घराच्या मालमत्तेपेक्षा वेगळा करू शकला. पाळण्यात वारस नाही म्हटल्यावर मागे उरणार ते कागद, संस्था आणि कायदे.

विद्यापीठाचं बीज याच काळातलं. कल्पना भव्य, खिसा रिकामा. प्राध्यापकांना पगार कुठून द्यायचा? इथे आईची ती गावं कामाला आली. झिंडेलफिंगेनला एक श्रीमंत देवस्थान होतं, त्याच्या जमिनींच्या उत्पन्नावर तिथले धर्माधिकारी जगत. मेख्टिल्डच्या संमतीने आणि पोपच्या परवानगीने १४७६मध्ये या देवस्थानाचा मोठा हिस्सा, माणसं आणि उत्पन्नासकट, ट्युबिंगेनला हलवला. देवस्थानातली पदं प्राध्यापकांना दिली की पगाराचा प्रश्न सुटला. पोप सिक्स्टस चौथ्याचं आज्ञापत्र नोव्हेंबर १४७६चं, एबरहार्टची जाहीर घोषणा ३ जुलै १४७७ची, आणि शरद ऋतूत वर्ग सुरू. पहिला कुलगुरू तोच नाउक्लेरस, ज्याने त्याला लॅटिन शिकवलं नव्हतं.

हे निव्वळ विद्याप्रेम नव्हतं. राज्यकारभार तोंडी शब्दावरून कागदावर सरकत होता, रोमन कायदा जाणणारे वकील सगळीकडे लागत होते, आणि शेजाऱ्यांकडे विद्यापीठं होती: मामाच्या घरी हायडेलबेर्ग, सावत्र वडिलांचं फ्रायबुर्ग. आपल्या मुलांनी शिकायला परक्या राज्यात जावं आणि तिथलीच नोकरी धरावी, हे कुठल्या राज्यकर्त्याला परवडेल? आणि याच विद्यापीठात चार शतकांनी रुडोल्फ रोथ हा वेदांचा अभ्यासक शिकवायला बसला.

आता नावडती बाजू. विद्यापीठाला ऑक्टोबर १४७७मध्ये दिलेल्या सनदेत, ट्युबिंगेनमध्ये यहुद्यांना राहू देऊ नये असं कलम आहे. पुढे १४९२च्या मृत्युपत्रात एबरहार्टने आपल्या सबंध राज्यात यहुदी नकोत असं लिहून ठेवलं, आणि वारसांनी ते शतकानुशतकं पाळलं. ‘त्या काळी सगळेच तसे होते’ म्हणणाऱ्यांत बरंच तथ्य आहे, कारण आसपासच्या अनेक शहरांनी आणि राजांनी तेच केलं. पण यहुदी हातांतून आलेली पंचतंत्राची गोष्ट ज्याच्या नावाने जर्मनमध्ये गुंफली गेली, त्यानेच हे लिहावं, हे मला चुकवून पुढे जाता येत नाही. विद्यापीठाने त्याचं नाव काढून टाकावं की नाही यावर अलीकडे बराच वाद झाला. २०२२मध्ये तिथल्या अधिसभेने नाव कायम ठेवलं.

१४८२ हे वर्ष त्याच्या आयुष्यातलं सर्वांत भरगच्च. वसंतात तो रोमला गेला. लॅटिन बोलायला बरोबर योहानेस रॉयखलिन हा तरुण विद्वान घेतला. वाटेत फ्लोरेन्समध्ये तिथला सत्ताधीश लोरेन्झो द मेदिची याची भेट झाली. पोपने एबरहार्टला सोन्याचं गुलाब दिलं, हा मोठा मान. हाच रॉयखलिन पुढे हिब्रूचा जाणकार झाला आणि यहुद्यांचे ग्रंथ जाळावेत या मागणीच्या विरोधात एकटा उभा राहिला. ऑगस्टमध्ये मेख्टिल्ड वारली. आणि १४ डिसेंबरला म्युन्सिंगेन इथे तो करार झाला ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

करार समजायला श्टुटगार्टच्या शाखेत डोकवावं लागतं. काका उल्रिखला दोन मुलगे: धाकटा एबरहार्ट आणि हाइनरिख. १४७३मध्ये उराखला एक घरगुती करार झाला होता, त्यात हाइनरिखला मोंबेलियार देऊन वेगळं काढलं आणि बाकीचं राज्य पुढेमागे एका हाती येईल अशी तजवीज केली. बिचाऱ्या हाइनरिखचं दुर्दैव असं, की मोंबेलियार ही बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याच्या वाटेवरची जागा होती. १४७४मध्ये चार्ल्सने त्याला पकडलं, मोंबेलियारच्या किल्ल्यासमोर आणलं आणि किल्ला देत नसाल तर याचं मुंडकं उडवतो म्हणून सगळा देखावा मांडला. किल्लेदार बधला नाही. हाइनरिखचं डोकं शाबूत राहिलं, पण चार्ल्स लढाईत मरेपर्यंत, १४७७पर्यंत, तो कैदेत होता आणि सुटल्यावर त्याचं मन कधी थाऱ्यावर आलं नाही.

धाकट्या एबरहार्टची तऱ्हा निराळी. बापाने १४८०मध्ये कारभार त्याच्याकडे सोपवला आणि त्याच वर्षी डोळे मिटले. कर्ज आधीच डोंगराएवढं, त्यात हा खर्चिक आणि लहरी. दोन वर्षांत त्याला राज्य झेपेना. म्युन्सिंगेनच्या करारात दोन्ही अर्धी पुन्हा एक झाली. राज्य यापुढे कधीही वाटायचं नाही, सगळ्यावर थोरला राज्य करील, त्याच्यामागे धाकट्याला मिळेल. राजधानी श्टुटगार्ट ठरली. करारावर दोघांच्या जोडीने राज्यातल्या प्रतिष्ठितांचीही साक्ष होती, आणि खरी मेख तीच. भावांनी एकमेकांना दिलेला शब्द भाऊ मोडू शकतात. सगळ्या राज्याने साक्ष दिलेला शब्द मोडणं अवघड.

धाकट्याला लगेच पश्चात्ताप झाला. पुढची दहा वर्षं तो कराराची एकेक गाठ सोडवत राहिला आणि थोरला नवी गाठ मारत राहिला: १४८५चा श्टुटगार्टचा करार, १४८९चा फ्रांकफुर्टचा, १४९२चा एसलिंगेनचा. मधल्या काळात धाकट्याने किर्शहाइमच्या ननांच्या मठाला वेढा घातला. हिवाळ्याचे दिवस, आत उपाशी नन, बाहेर काउंटाचे सैनिक. थोरल्याने माणसं पाठवून वेढा उठवला. मठातल्याच एका ननने हा प्रकार लिहून ठेवला म्हणून आपल्याला तो तपशिलात कळतो. धाकट्याचे कान भरणारा होल्झिंगर नावाचा माजी साधू होता, त्याला थोरल्याने तुरुंगात डांबलं.

एसलिंगेनचा करार मला सर्वांत धूर्त वाटतो. धाकट्याला गादी मिळेल, पण एकट्याने राज्य करता येणार नाही. बारा जणांचं मंडळ बरोबर असेल: चार मठाधिपती, चार सरदार, चार शहरांचे. जो माणूस नको आहे त्याला कायद्याने टाळता येत नाही, तर त्याच्याभोवती कुंपण घालायचं.

हाइनरिखच्या बाबतीत एबरहार्ट इतका सौम्य नव्हता. १४९०मध्ये त्याला पकडून होहेनउराखच्या डोंगरी किल्ल्यात ठेवलं आणि वेडा ठरवलं. सम्राटाने पालकत्व एबरहार्टकडे दिलं. हाइनरिख आजारी होता यात शंका नाही. पण तो बंद असणं घराच्या दृष्टीने सोयीचंही होतं, आणि एबरहार्टला सोय चांगली कळायची. हाइनरिखचा एक मुलगा होता, १४८७चा. आई बाळंतपणातून उठलीच नाही, बाप असा. धाकट्या एबरहार्टला मूल नव्हतं, म्हणजे सगळ्या घराण्याचा एकुलता अंकुर हाच. थोरल्याने त्याला श्टुटगार्टला आणून वाढवलं. त्याचं नाव पुढे आजोबांवरून उल्रिख पडलं.

शेवटचा शिक्का सम्राटाचा. २१ जुलै १४९५ला वोर्म्सच्या शाही सभेत माक्सिमिलियनने एबरहार्टला ड्यूक केलं आणि व्युर्टेम्बर्गला डची, म्हणजे ड्यूकचं राज्य. याकडे नुसती बढती म्हणून पाहू नये. वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या मार्गांनी जमवलेल्या जमिनी आता एकच अविभाज्य जहागीर झाल्या. पुढे कुणा वंशजाला वाटणी हवी झाली तर ती घरच्या कराराबरोबरच साम्राज्याच्या कायद्याचाही भंग ठरणार. बदल्यात सम्राटाने एक अट घातली: घराण्यात पुरुष वारस उरला नाही तर मुलूख साम्राज्याकडे येईल. त्याची नजर कुठे होती ते कळतं. तिघा चुलतभावांमागे एकच आठ वर्षांचा पोर.

ड्यूकपद एबरहार्टला जेमतेम सात महिने लाभलं. फेब्रुवारी १४९६मध्ये तो ट्युबिंगेनला वारला आणि आइनझीडेलच्या मठात, तिथल्या बंधूंच्या निळ्या झग्यात, त्याला पुरलं. तो मठ त्यानेच काढला होता. नंतर त्याचे अवशेष ट्युबिंगेनच्या मोठ्या चर्चमध्ये हलवले. आईवडीलही तिथेच आहेत. बार्बरा विधवा म्हणून ब्योब्लिंगेनला राहिली, सासूच्याच जुन्या गावी, आणि १५०३मध्ये गेली.

धाकट्याने गादीवर बसताच होल्झिंगरला मोकळं केलं. दोन वर्षांत कुंपणाने आपलं काम केलं. १४९८मध्ये राज्यातल्या प्रतिष्ठितांनी सम्राटाच्या संमतीने आपल्या ड्यूकला पदावरून काढलं. जर्मन इतिहासात असं क्वचितच घडलं आहे. तो पळाला आणि १५०४मध्ये परमुलखात मेला. अकरा वर्षांचा उल्रिख ड्यूक झाला. त्याची कारकीर्द वादळी आहे: खून, शेतकऱ्यांचं बंड, १५१९मध्ये राज्यातून हकालपट्टी. पण मुलूख दुसऱ्यांच्या ताब्यात गेला तेव्हाही अख्खा गेला आणि १५३४मध्ये परत आला तेव्हाही अख्खा आला.

आणि होहेनउराखचा कैदी? त्याची दुसरी बायको एफा नवऱ्याबरोबर किल्ल्यात राहायला गेली. १४९८मध्ये, धाकट्या एबरहार्टला काढलं त्याच वर्षी, त्या बंदिवासात त्यांना गेऑर्ग नावाचा मुलगा झाला. उल्रिखचा वंश १५९३मध्ये खुंटला तेव्हा गादी गेऑर्गच्या मुलाकडे आली. पुढचे सगळे ड्यूक, १८०६पासूनचे राजे आणि १९१८मध्ये मुकुट उतरवून ठेवणारा शेवटचा राजा विल्हेल्म दुसरा, हे सगळे त्या वेड्या ठरवलेल्या हाइनरिखचे वंशज.